भिंत खोटी, खून खरा

डिटेक्टिव्ह मालिकेत खून कुठे व्हावा याचे पत्ते ठरलेले असतात. जंगलातला बंगला, हॉटेलची आतून बंद खोली, रात्रीची रेल्वे, श्रीमंत म्हाताऱ्याचा वाडा. हे पत्ते वापरून झाले की लेखकमंडळी एका ठिकाणी हमखास येतात, ते म्हणजे शूटिंगचा सेट. नायिका मेकअपच्या खोलीत मरून पडलेली सापडते. खोट्या पिस्तुलातून खरी गोळी सुटते. दिग्दर्शक 'कट' म्हणतो, सगळे उठतात, एक नट उठतच नाही. बघणाऱ्याला वाटतं, लेखकाला नवं काही सुचेना म्हणून त्यानं आपल्याच कचेरीत खून पाडला. त्यात थोडं तथ्य आहेच. सेट तयार असतो, दिवे तयार असतात, निर्मात्याचे पैसे वाचतात.

पण मला स्वतःला हा पत्ता सगळ्यांत आवडतो. कारण डिटेक्टिव्हची खरी परीक्षा इथेच होते.

असं बघा, साध्या घरात डिटेक्टिव्ह येतो तेव्हा घरातल्या वस्तू त्याच्याशी बोलतात. कोपऱ्यात छत्री ओली असेल तर कुणीतरी पावसातून आलं आहे. भिंतीवरचं घड्याळ सव्वानऊला फुटलं असेल तर झटापट सव्वानऊला झाली. रक्त आहे म्हणजे जखम आहे. आता हाच माणूस सेटवर आणा. छत्री ओली आहे, कारण स्पॉटदादानं तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. घड्याळात सव्वानऊ वाजलेत, कारण दृश्य रात्रीचं आहे. बाहेर दुपारचं ऊन तापलंय. रक्त म्हणाल तर ते मेकअपदादाच्या बाटलीतलं. भिंतीला टेकायला जावं तर भिंत मागे सरकते, ती प्लायवूडची. इथली प्रत्येक वस्तू कुणीतरी दाखवण्यासाठी ठेवलेली आहे. मग खऱ्या खुनाची खूण शोधायची कुठे?

या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर अमेरिकेतल्या 'कोलंबो' या मालिकेनं दिलं होतं. पीटर फॉक हा नट त्यात चुरगळलेला रेनकोट घालून फिरणारा पोलीस अधिकारी व्हायचा. या मालिकेत खुनी कोण हे प्रेक्षकाला पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच दाखवून टाकत. उत्सुकता एवढीच, की हा गबाळा माणूस त्याला पकडणार कसा. १९७६ सालच्या एका भागात खुनी आहे तो टीव्हीवर डिटेक्टिव्हचं काम करणारा एक लोकप्रिय नट. विल्यम शॅटनरनं ती भूमिका केली होती. हा नट आपल्या निर्मातीला ठार मारतो. त्या वेळी आपण घरी होतो हे सिद्ध करायला त्यानं मित्राला बोलावून ठेवलेलं असतं. त्याला पेयातून गुंगीचं औषध दिलेलं, त्याच्या घड्याळाचे काटे मागे केलेले, आणि टीव्हीवरचा बेसबॉलचा सामना त्या वेळी अगदी नवलाईच्या असलेल्या व्हिडिओ रेकॉर्डरवर टेप केलेला. मित्र जागा होतो, सामना चालूच आहे असं त्याला दिसतं. म्हणजे मध्ये वेळ गेलाच नाही!

पिस्तूल कुठलं, तर स्टुडिओतल्या प्रॉपर्टीच्या कपाटातलं. खून करून आल्यावर त्यानं ते पुसून जागच्या जागी ठेवलं, त्यात पुन्हा नकली काडतुसं भरली. आणि त्या नकली काडतुसांवर त्याच्या बोटांचे ठसे राहिले. पिस्तूल पुसलं, पण खोटी काडतुसं पुसायचं सुचलंच नाही. कशी सुचावीत? ती तर खोटीच होती ना!

ही युक्ती मला फार मोठी वाटते. नटाला सेटवरची दिसणारी बाजू पाठ असते. कपाट उघडून काडतुसं भरणं, मोजणं, वहीत लिहिणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं आणि त्या कामाकडे त्यानं जन्मात लक्ष दिलेलं नसतं. डिटेक्टिव्हनं बघायचं ते तिथे. जे दाखवण्यासाठी मांडलंय ते सोडून द्यायचं आणि जे मांडताना हात लागले, वही भरली, किल्ली फिरली, तिथे जायचं.

हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडे काय? आपल्याकडे तर टीव्हीवरच्या डिटेक्टिव्हचं माहेरच मुळी एका जुन्या स्टुडिओत आहे आणि तो स्टुडिओ आमच्या मुळशीपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर, पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याला आहे. १९८५ साली दूरदर्शनवर गाजर चावत आलेला 'करमचंद' आठवतो? पंकज कपूर आणि त्यांची किटी. त्याचे दिग्दर्शक पंकज पाराशर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यानंतर मराठीत 'एक शून्य शून्य' आली. नावच पोलिसांच्या टेलिफोनचा नंबर. मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेल्या त्या मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग. तेही याच इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकले आणि मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन होते. बँकेत नोकरी करता करता नाटकं करणारे शिवाजी साटम त्यात पोलीस अधिकारी झाले. हीच जोडी पुढे २१ जानेवारी १९९८ला 'सीआयडी' घेऊन आली, आणि साटमांचे एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत देशभर पोचले.

पुण्याचं टीव्ही प्रक्षेपण १९७३पासून सिंहगडावरून होत असे. सिंहगड आम्हाला जवळचा, पण मधल्या डोंगरांची आडकाठी. त्यामुळे आमच्या भागात 'एक शून्य शून्य' बघायची म्हणजे एकजण कौलावर अँटेनाची काठी फिरवतोय, एकजण अंगणातून ओरडतोय, आणि आत वीसेक माणसं 'आलं, आलं, गेलं' करताहेत, असा कार्यक्रम असे. खुनी ओळखायच्या ऐन वेळी पडद्यावर मुंग्या यायच्या. मग दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर चार माणसांकडून चार खुनी ऐकायला मिळायचे. असो.

तर ही फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्याला आली आणि १९५३च्या सुमाराला बंद पडली. तिच्या मालकांपैकी एक होते शेख फत्तेलाल, कागलचे. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. कला दिग्दर्शन त्यांच्याकडे. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल या दोघांनी मिळून 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कागलच्या एका मुसलमान चित्रकारानं लाकूड, बांबू आणि प्लॅस्टर घेऊन पुण्यात देहू उभं केलं आणि लोकांनी त्या पडद्यापुढे हात जोडले. आमचे अब्बा साहेबमामांचं नाव घेताना नकळत आवाज खाली आणायचे. खोट्या भिंतीत खरं काही राहू शकतं का, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी आधी हे देहू दाखवतो.

प्रभातच्याच 'माणूस'मध्ये, म्हणजे १९३९ साली, शाहू मोडकांनी गणपत हा पोलीस शिपाई केला होता. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते, तिथे त्याला मैना भेटते, ती शांता हुबळीकर. या चित्रपटात मध्येच एक गंमत आहे. गणपत आणि मैना बाहेर फिरायला गेलेले असताना त्यांना एका सिनेमाचं शूटिंग लागतं. झाडाखाली नटवे नायक-नायिका प्रेमाचं गाणं म्हणताहेत आणि ही खरी दुखावलेली जोडी ते बघत उभी आहे. त्या काळच्या गुळगुळीत प्रेमपटांची ती टिंगल होती. पुढे मैनेच्या हातून तिच्या छळवाद्या मामाचा खून होतो. तो लपवायचा प्रयत्न ती करत नाही. त्यामुळे या गोष्टीत डिटेक्टिव्हची गरजच पडत नाही. पण पोलीस, खून आणि शूटिंग या तिन्ही गोष्टी मराठी पडद्यावर एकत्र आल्या त्या तेव्हा, टीव्हीच्या कितीतरी आधी, आणि त्याही स्टुडिओत उभारलेल्या गल्लीमध्ये.

आता जरा शूटिंगचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोष्ट जशी आपण बघतो त्या क्रमानं ती चित्रित होत नाही. एका खोलीत घडणारी सगळी दृश्यं एकदम उरकतात. पहिल्या दिवशी नवरी घरात येते ते दृश्य आणि वीस वर्षांनी तिचा मुलगा घर सोडून जातो ते दृश्य एकाच दुपारी होतात. एका दृश्याचेही तुकडे असतात. आधी लांबून सगळे, मग हिचा चेहरा, मग त्याचा. मध्ये जेवणाची सुट्टी होते, दिवे हलतात, ढग येतात, जनरेटर बंद पडतो. हे तुकडे पुढे जोडले जातात तेव्हा त्या बाईच्या हातातला चहाचा कप पहिल्या तुकड्यात अर्धा आणि दुसऱ्यात काठोकाठ भरलेला दिसला तर प्रेक्षक हसेल. म्हणून सेटवर एक माणूस फक्त एवढ्यासाठी असतो. हे काम बऱ्याचदा एखाद्या सहायक दिग्दर्शक मुलीकडे असतं. त्याला म्हणतात कंटिन्यूइटी.

ती मुलगी कॅमेऱ्याच्या शेजारी वही घेऊन बसते. कोणत्या वाक्याला त्यानं उजवा हात उचलला, सिगारेट किती जळली होती, पदर कोणत्या खांद्यावर होता, कानात कोणते डूल, घड्याळात किती वाजले, हे सगळं दृश्याच्या आणि शॉटच्या नंबरासकट लिहिते. पूर्वी पोलरॉईडवर फोटो काढत, मग डिजिटल कॅमेरे आले, आता मोबाइल. नटांना ती कटकटी वाटते. 'अगं, कोण बघतंय?' असं दिवसातून दहादा तिला ऐकावं लागतं. मात्रा मोजत बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तिच्याविषयी जरा जास्तच माया वाटते, हे कबूल करतो.

सेटवर खून झालाच तर डिटेक्टिव्हनं सर्वांत आधी हिला गाठावं. तिथे हजर असलेल्या साठ-सत्तर माणसांत खरं काय होतं हे लिहून ठेवणारी ती एकटी असते. बाकीचे सगळे कसं दिसलं पाहिजे याच्या मागे असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला शूटिंगच्या गाड्या लागताना आम्ही नेहमी बघतो. धरणाचं पाणी, ताम्हिणीचा घाट, जुने वाडे, त्यामुळे आमच्याकडे आउटडोअरला लोक येत राहतात. २००८च्या जानेवारीत एका हिंदी मालिकेचं चार दिवसांचं शूटिंग धरणाकडच्या एका वाड्यात लागलं होतं. पोलिसी रहस्यकथाच होती. त्यातल्या एका नवाबी म्हाताऱ्याची उर्दू नीट करायला मला बोलावलं होतं. रोजचे पैसे आणि दोन वेळचं जेवण. मी खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोंब झाली. नायिकेची सोन्याची चेन गेली. प्रॉपर्टीची नव्हे, तिची स्वतःची. वाड्यात मुंबईची पन्नासेक माणसं आणि गावची सात-आठ. बोट कुणाकडे गेलं हे सांगायला डिटेक्टिव्ह नको. चहा द्यायला ठेवलेला, कातकरी वाडीवरचा सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा होता. प्रॉडक्शनवाल्यांपैकी एकानं त्याला जनरेटरच्या गाडीमागे नेलं आणि दोन थोबाडीत दिल्या. पोरगा 'नाही घेतली' म्हणत होता. तेवढ्यात इन्स्पेक्टरचं काम करणारा नट शॉट संपवून तिकडे आला. अंगावर वर्दी, खांद्यावर तारे, हातात रूळ. तो गंमतीनं दरडावला, 'बोल, कुठे ठेवलीस?'

पोरानं वर्दी बघितली आणि हात जोडले. 'घेतली साहेब,' म्हणाला.

नट चपापला. त्याला पुढचं वाक्य पाठ नव्हतं. पण बाकीच्यांनी घेतलं उचलून, 'कुठे ठेवलीस, कुठे ठेवलीस?' आता त्यानं घेतलीच नव्हती, तर सांगणार काय? त्यानं वाड्यामागच्या विहिरीकडे हात केला. जानेवारीच्या थंडीत गावचीच दोन माणसं विहिरीत उतरली. तासभर गाळ उपसला. एक फुटकी कळशी निघाली.

इकडे कंटिन्यूइटीवाली मुलगी ओसरीवर बसून शांतपणे आपली वही उलटत होती. ती उठून आली आणि म्हणाली, बाईंच्या गळ्यात चेन सकाळच्या सोळाव्या शॉटपर्यंत आहे. सतराव्यात नाही. हे बघा फोटो. आणि सोळा आणि सतराच्या मध्ये पोरगा इथे नव्हताच. त्याला डिझेलच्या गाडीबरोबर पिरंगुटला पाठवलं होतं, चहाला उशीर झाला म्हणून तेव्हा तुम्हीच ओरडत होतात. मग तिनं दुसरं पान काढलं. सतराव्या शॉटपासून बाईंची भूमिका विधवेची होते. त्यामुळे गळा मोकळा हवा होता. चेन हेअरड्रेसरनं काढली असणार. हेअरड्रेसरबाई तर दुपारीच पुण्याला गेलेल्या. फोन लावला. चेन पावडरच्या डब्यात, डबा मेकअपच्या पेटीत, पेटी वाड्यातच कोनाड्यात.

सगळे हसले. सुटल्यासारखं झालं, शूटिंग पुढे सुरू झालं. पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याचे तीन दिवसांचे पैसे मी मागून घेतले आणि वाडीवर नेऊन दिले. त्याच्या आईनं ते मोजले नाहीत, पदराला बांधले आणि विचारलं, 'पोलीस परत येतील का?' ते पोलीस नव्हते, नट होते, हे मी तिला समजावून सांगायला लागलो. तिला ते पटल्याचं काही दिसलं नाही.

आता कायद्याचं बघू. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्यात पंचविसावं कलम होतं. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असं ते सांगायचं. १ जुलै २०२४पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली, त्यातही ही तरतूद तेविसाव्या कलमात कायम आहे. याला एक अपवाद. कोठडीतल्या आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंध असलेलं तेवढंच बोलणं धरता येतं. म्हणजे कायदा विचारतो, विहिरीतून काय निघालं? फुटकी कळशी निघाली असेल तर पोरानं काय कबूल केलं याला किंमत नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी हे कलम घातलं ते पोलीस मारून कबुल्या घेतात हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.

आणि आपल्या मालिका? पंचेचाळीस मिनिटांची गोष्ट कुठेतरी संपवायची असते. मग शेवटच्या पाच मिनिटांत संशयिताला समोर उभं करतात, एक सणसणीत थप्पड बसते आणि तो घडाघडा बोलायला लागतो. 'सीआयडी' मी आवडीनं बघत आलो आहे. २०१८पर्यंत वीस वर्षांत तिचे पंधराशेहून अधिक भाग झाले, डिसेंबर २०२४मध्ये ती पुन्हा सुरूही झाली. दयानं दार तोडलं की आमच्या घरची लहान मुलं सोफ्यावर उड्या मारतात. डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत नळी हलवता हलवता विष ओळखतात. मुंबईत कलिन्याला खरी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथला अहवाल यायला किती थांबावं लागतं हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा. तेवढी सूट गोष्टीला द्यायला माझी हरकत नाही. थपडेची मात्र आहे. कारण प्रयोगशाळेत घाई केली तर कुणाच्या गालावर वळ उठत नाहीत. थप्पड बघून बघून ती खरं बोलायला लावणारं यंत्र आहे असं प्रेक्षकाला वाटू लागतं, आणि जनरेटरच्या गाडीमागे ते यंत्र कुणावर चालवायचं हेही त्याला आधीच माहीत असतं.

बी. पी. सिंग यांच्याविषयी तक्रारीचा सूर लावून थांबणं बरं नव्हे. कारण डिटेक्टिव्ह मालिकेतली एक अचाट गोष्टही त्यांच्याच नावावर आहे, आणि ती घडली आमच्या डोंगरापलीकडे, लोणावळ्यात. ७ नोव्हेंबर २००४ला 'सीआयडी'चा एक खास भाग दाखवला गेला. लांबी १११ मिनिटं. आणि त्यात एकही कट नाही. कॅमेरा एकदा सुरू झाला तो १११ मिनिटांनीच थांबला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

यात अवघड काय ते सांगतो. फिल्मच्या काळात हे शक्यच नव्हतं. हजार फुटांच्या रिळात जेमतेम अकरा मिनिटं मावत. हिचकॉकनं १९४८ साली 'रोप' हा खुनाचा चित्रपट एकसलग वाटेल असा केला, तेव्हा रीळ संपत आलं की कॅमेरा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर नेऊन काळोख करायचा आणि तिथे जोड लपवायचा, अशी युक्ती त्याला करावी लागली. पुढे डिजिटल चित्रण आलं आणि २००२ साली 'रशियन आर्क' हा दीड तासाचा चित्रपट एकाच शॉटमध्ये झाला. पण तो राजवाड्यातून फिरणारा चित्रपट. त्यात खुनी शोधायचा नव्हता.

खुनाच्या गोष्टीत कट हा लेखकाचा जुना साथीदार असतो. नोकर दारामागे गेला, कट. आपण दुसऱ्या खोलीत. पुन्हा कट, नोकर परत आला. मधल्या वेळात त्यानं काय केलं हे लेखकानं खिशात घातलेलं असतं. रात्र झाली, कट, सकाळी मुडदा. कट काढून घेतला की गोष्टीतला तास आणि घड्याळातला तास एक होतो. पुण्याला जाऊन चौकशी करून येता येत नाही. एखादा माणूस नजरेआड गेला तर प्रेक्षक मनात मिनिटं मोजायला लागतो. शिवाय कॅमेरा चहूकडे वळणार म्हणजे दिवे, माईक, लाईटदादा, स्पॉटदादा सगळ्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीशी राहून पळत राहायचं. शंभराव्या मिनिटाला कुणी शिंकला किंवा वाक्य विसरला तर पहिल्यापासून सुरुवात. सेटवरच्या प्रत्येक माणसाचे पाय त्या दिवशी मोजून पडले असणार. आणि कंटिन्यूइटीच्या वहीला बहुधा पहिल्यांदाच सुट्टी मिळाली असणार. तुकडेच नाहीत, तर जुळवायचं काय!

असा प्रकार रोज होत नाही, व्हायलाही नको. रोजच्या मालिकेत कट राहणारच. मात्र रहस्यकथा लिहिणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. पुढच्या वेळी सेटवर खून घडवाल तेव्हा संशयितांच्या रांगेत स्पॉटदादा आणि चहावाला पोरगा नेहमीप्रमाणे जरूर उभे करा. पण शेवटच्या पाच मिनिटांत हात उगारण्याऐवजी त्या मुलीची वही उघडा. प्रॉपर्टीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे होती ते विचारा. कॉलशीट बघा, डिझेलची पावती बघा. आमच्या वाड्यात त्या संध्याकाळी पाच मिनिटंच लागली होती.

आमच्या घरी हल्ली एक खेळ चालतो. मालिका लागली की नातवंडं गोष्ट सोडून कप बघत बसतात. परवा नायिका फोनवर धाय मोकलून रडत होती, सूनबाईंनी डोळ्याला पदर लावला होता, आणि धाकटी ओरडली, 'दादाजान, मघाशी हिच्या डाव्या हातात फोन होता!' सूनबाई वैतागल्या. मी उठून वही आणली आणि तिला लिहून ठेवायला सांगितलं.